व्हर्च्युअल मशीन हलवणं म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

डेस्कटॉपवरचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लॅपटॉपवर कसं न्यायचं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला, वाचून बरं वाटलं. पण 'फोल्डर कॉपी करा, झालं काम' म्हणून लेखकाने विषय उरकला आणि खरी गोची तर तिथूनच पुढे सुरू होते, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, मशीन सेव्ह स्टेटमध्ये, म्हणजे चालू अवस्थेतच गोठवून, ठेवून हलवू नका. बऱ्याच जणांना सवय असते, विंडो बंद करताना सेव्ह करायचं आणि उठायचं, कारण परत उघडलं की सगळं होतं तसंच समोर येतं. त्याच कॉम्प्युटरवर ठीक आहे. पण सेव्ह करताना बनते त्या फाइलमध्ये रॅमसोबत प्रोसेसरची त्या क्षणाची अवस्था पण असते, आणि डेस्कटॉपला एएमडी नि लॅपटॉपला इंटेल असेल तर ती तिकडे लागूच पडत नाही, दोन्हीकडे इंटेल पण पिढी वेगळी असेल तरी भरवसा नाही. आतल्या विंडोज किंवा लिनक्समधून रीतसर शटडाउन करा, मगच फाइलींना हात लावा.

स्नॅपशॉटचा, म्हणजे मागे परत जाता यावं म्हणून जपून ठेवलेल्या मशीनच्या स्थितीचा, तर लेखात उल्लेखच नाही! व्हर्च्युअलबॉक्समध्ये (अशी मशीन चालवायचं एक सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीडीआय फाइल, म्हणजे मशीनची डिस्क, तिथेच गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत जातं. आता माणूस काय करतो, सगळ्यात मोठी फाइल बघतो, तीच मशीन समजून उचलतो, आणि लॅपटॉपवर उघडल्यावर कळतं की स्नॅपशॉटनंतर केलेलं काम गायब. गायब नसतंच ते, डेस्कटॉपवरच राहिलेलं असतं. म्हणून न्यायचं तर अख्खं फोल्डर न्या, सेटिंगची व्हीबॉक्स फाइल पण त्यातच असते.

ओव्हीए (अख्खं मशीन बांधून दिलेली एकच फाइल) एक्स्पोर्ट करा हा सल्ला चुकीचा नाही, पण तो एकदाच बिऱ्हाड हलवणाऱ्यासाठी आहे, त्यात फक्त सध्याची स्थिती जाते, जुने स्नॅपशॉट येत नाहीत. रोज इकडून तिकडे करायचं असेल तर प्रत्येक वेळी एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करत बसणं म्हणजे डोक्याला ताप. त्यापेक्षा मशीन एक्स्टर्नल एसएसडीवरच ठेवा आणि दोन्हीकडून तिथूनच चालवा. डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, एक्सफॅट करून घ्या. दोन्हीकडे व्हर्च्युअलबॉक्सचं व्हर्जन सारखं ठेवा, नाहीतर नव्याने लिहिलेली सेटिंग जुनं व्हर्जन उघडत नाही. आणि हो, विंडोजमध्ये त्या डिस्कला दरवेळी वेगळं अक्षर मिळालं तर यादीतलं मशीन सापडत नाही असं दाखवतं, घाबरू नका, डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर कायमचं ठरवून टाका.

चालू मशीनचं फोल्डर क्लाउडवर सिंक ठेवा ही सूचना मात्र मला अजिबात पटली नाही. आतलं मशीन त्या फाइलीत सतत लिहीत असतं, सिंक अर्धवट असताना तीच फाइल दुसरीकडे उघडली की डिस्क करप्ट व्हायला किती वेळ लागतो?

बाकी किरकोळ. डेस्कटॉपवर मशीनला १६ जीबी रॅम दिली असेल आणि लॅपटॉपलाच एकूण ८ असेल तर आधी आकडा कमी करा. ब्रिज्ड नेटवर्क (मशीन थेट घरच्या नेटवर्कला जोडणारं) केबलच्या कार्डावर बांधलेलं असतं, लॅपटॉपवर ते वायफायवर निवडावं लागतं, नाहीतर सरळ एनएटी (मशीनने लॅपटॉपचंच इंटरनेट वापरायचं) करा. मशीन सुरूच होत नसेल तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची मूळ सेटिंग) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते बघा. व्हीएमवेअर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना 'हलवलं की कॉपी केलं' असा प्रश्न येतो, तिथे हलवलं म्हणा, म्हणजे मशीनची ओळख आणि नेटवर्कचा पत्ता बदलत नाही, कॉपी म्हटलं तर दोन्ही नवे मिळतात आणि आतलं विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं.

शेवटी एक दुरुस्ती तुम्ही छापाच. 'कुठल्याही लॅपटॉपवर चालेल' असं लेखात आहे, ते खरं नाही. २०२० पासून ॲपलने एम१ आणि त्यापुढच्या चिपचे लॅपटॉप काढले त्यांची जात एआरएम, म्हणजे वेगळ्याच प्रकारचा प्रोसेसर, इंटेल किंवा एएमडीच्या डेस्कटॉपवर बनवलेलं मशीन त्यावर क्यूईएमयूसारख्या एम्युलेशनने (दुसऱ्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) चालतं खरं पण इतकं रडतखडत की रोजच्या कामाचं नाही. तुमचा लेख वाचून कुणी लॅपटॉप घ्यायला निघाला असेल तर त्याला हे आधी कळलेलं बरं.

आपला,
एक नियमित वाचक