फोटोवरून का नाही?

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेत की, पहाटे उठून पुण्याहून वाईपर्यंत जायचे आणि घाटावर तासन्‌तास बसायचे, त्यापेक्षा फोटो काढून घरी निवांत चित्र का करीत नाहीस? तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी मी वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर होते. समोर कृष्णेचे पात्र, मेणेश्वराचे देऊळ आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा. काळ्या पायऱ्यांवर देवळाची सावली पडली होती. फोटोत ही सावली नुसती काळी येते, मी काढून पाहिला आहे. डोळ्यांना मात्र तिच्यात वरच्या बाजूला आभाळाची निळाई आणि पाण्यालगत, पाण्यावरून उलटलेल्या उजेडाची मातकट पिवळी झाक स्पष्ट दिसत होती. मी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी असे दोन जलरंग पॅलेटवर न घोटता ओल्या कागदावरच एकमेकांत उतरू दिले. अल्ट्रामरीनचे कण जाड, खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर तिथे दगडाचा पोत दिसू लागतो. हे पाहताना होणारा आनंद मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

ऊन मात्र थांबत नाही. पहिल्या वर्षी मी सरकत्या सावलीमागे धावत असे आणि एकाच चित्रात दोन वेळांचे ऊन येई. आता सावलीच्या कडा आधी पेन्सिलीने आखून घेते आणि मग त्या हलवीत नाही. पाण्यावरच्या चमकेचेही तसेच. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद, त्यामुळे ती जागा पहिल्या वॉशच्या, म्हणजे रंगाच्या पातळ थराच्या आधीच ठरवून सोडावी लागते. फोटोत असे शंभर ठिपके येतात; तिथे बसल्यावर डोळा त्यांतला एकच धरतो. मी धुणे पिळणाऱ्या एका बाईंच्या हातांखालची चमक तेवढी राखली.

आई, तू उन्हाची काळजी करू नकोस. कागदावर थेट ऊन आले तर डोळे दिपतात आणि रंगही पसरण्याआधी वाळतो, म्हणून मी सावलीच धरून बसते.

बाबा, चित्रकार आबालाल रहिमान आपल्या कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याची चित्रे करीत, हे लहानपणी त्या काठावरून जाताना तुम्हीच मला सांगितले होते. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि त्या तळ्याकडे पुन्हा पुन्हा वळले. एकाच पाण्यापुढे माणूस इतक्यांदा का बसतो, ते मला मेणवलीला चौथ्यांदा गेल्यावर उमगू लागले.

महाशिवरात्रीला मी चार दिवस घरी येत आहे. एका सकाळी तुम्ही माझ्याबरोबर कोटितीर्थावर यावे, अशी फार इच्छा आहे. तुमची घडीची खुर्ची मी उचलीन. फक्त आठच्या आत पोहोचायला हवे. मेणवलीचे चित्र सोबत आणते. त्यातली सावली चष्मा लावून, अगदी जवळून पाहा.

तुमची,
लेक