भट्टीवाल्या काकांना, त्यांच्या प्रत्येक 'नाही'बद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

आभार मानायला मी घरी आले तेव्हा "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषय बदललात आणि काकूंनी पुढ्यात चिवड्याची वाटी सरकवली. तोंडात चिवडा असताना आभार मानता येत नाहीत, हे तुम्हा दोघांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. नाव घालणार नाही. "नाव घातलंस तर लोक फुटक्या कुंड्या घेऊन सातपूरला दारात उभे राहतील," असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. हे पत्र तुमची सूनबाई तुम्हाला वाचून दाखवेलच.

तुम्ही मला भट्टी वापरू दिलीत, शेल्फं दिलीत, रंगांच्या बरण्या उघडून दिल्यात. पण तुमच्याकडून मला सगळ्यात जास्त मिळाले ते नकार. "नाही" हा शब्द तुम्ही किती वेळा उच्चारलात त्याचा हिशेब मी ठेवला नाही. मात्र तो उच्चारून तुम्ही कधी गप्प बसला नाहीत. का नाही, ते सांगितलंत, आणि जमेल तिथे सांगण्याऐवजी दाखवलंत.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकच्या सिडकोत माझं छोटं पार्लर आहे. नव्या खुर्चीसमोर लावायला ६० बाय ४५ सेंटिमीटरचा आरसा आणला होता, आणि त्याची चौकट स्वतः केलेल्या सिरॅमिक टाइलांनी सजवायची असं मनात होतं. काका एका सिरॅमिक कारखान्यात भट्टीवर काम करून निवृत्त झालेले, घरी तळमजल्यावर विजेची छोटी भट्टी. त्यांची सून माझी नेहमीची ग्राहक. एवढ्या ओळखीवर मी जाऊन धडकले.

गुजरातेतल्या मोरबीच्या तयार टाइल स्वस्तात मिळतात, त्याच का चिकटवत नाहीस, असं घरातही सगळे विचारत होते. तुम्ही मात्र ते विचारलं नाहीत. उलट फरक समजावलात. कारखान्यात टाइल ओल्या मातीची करतच नाहीत. जेमतेम पाच-सात टक्के ओल असलेली भुकटी साच्यात प्रचंड दाबाने दाबतात आणि रोलरच्या लांबलचक भट्टीतून तासाभरात भाजून बाहेर काढतात. तिला वाकायला कारणच नसतं. हाताने लाटायच्या मातीत वीस-पंचवीस टक्के पाणी. ते जाताना टाइल आकसणार, वाकणार, जमलं तर तडकणारही. "पण द्राक्षाचं पान तिच्यावर उमटतं ते त्या पाण्यामुळेच," असं तुम्ही म्हणालात, आणि मग माझ्या पानांच्या पिशवीकडे पहिल्यांदा नीट पाहिलंत.

पानं माहेरची, निफाडकडची. एप्रिलमध्ये बागेत खरड छाटणी होते तेव्हा बांधावर पानांचा ढीग पडतो. पानाची शिरांची बाजू मातीवर ठेवायची, वरून लाटणं फिरवायचं, पान अलगद उचलायचं, की नस न् नस उठते. पानांबरोबर मी मोठ्या हौसेने शेतातली काळी मातीही गोणीभर आणली होती. आपल्या शेतातल्या मातीच्या टाइल, असं ग्राहकांना सांगायला किती छान!

"नाही."

मग त्याच मातीची एक वडी थापून तुम्ही खिडकीत ठेवलीत आणि मला पुढच्या वेळी यायला सांगितलंत. आले तेव्हा वडीला आरपार भेगा. उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच. बेसॉल्ट खडकापासून झालेली आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आवळते. कुंभार तिच्यात राख आणि लीद उगाच मिसळत नाहीत. पातळ, सपाट टाइलसाठी ती चालणार नव्हती. तुम्ही स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, तयार माती काढलीत, तिच्यात ग्रॉग होता. ग्रॉग म्हणजे आधीच भाजून कुटलेल्या मातीचा चुरा. तो पुन्हा आकसत नाही, त्यामुळे सगळी टाइलच कमी आकसते आणि कमी वाकते.

माझ्या गोणीचं तुम्ही पुढे काय केलंत ते आठवलं की अजून मजा वाटते. मूठभर माती पाण्यात कालवून मलमलीतून गाळलीत आणि एका तुकड्यावर पातळ हात दिलात. त्या तुकड्याखाली भाजलेल्या मातीची एक चकती ठेवायला विसरला नाहीत, ओघळली तर शेल्फ खराब व्हायला नको म्हणून. आपल्या मातीत लोह आहे, चुना आहे, मॅग्नेशियम आहे, आणि हे सगळे उष्णता फार चढली की माती वितळवायला मदत करतात. कुंभारवाड्याच्या आव्यात जी माती विटकरी होऊन थांबते तीच तुमच्या भट्टीत १२२० अंशांना गडद तपकिरी, चकचकीत होऊन बसली. चौकटीच्या चारही कोपऱ्यांच्या टाइल त्याच मातीने रंगवल्या आहेत. वडील पार्लरमध्ये आले तेव्हा त्यांनी त्यावर नखाने टकटक करून पाहिलं, आणि विश्वास ठेवला नाही.

आकसण्याचा हिशेब तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे मांडून दिला होता, तो मी जपून ठेवलाय. आधी मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ मारून ती भाजायची, म्हणजे माती किती आकसते ते कळतं. आपली बारा टक्के. मला भाजलेली टाइल सहा सेंटिमीटरची हवी. बहुतेक जण सहामध्ये बारा टक्के मिळवतात आणि ६.७२ वर कापतात. पण आकसते ती ओली टाइल, म्हणून बारा टक्के तिच्यातले जाणार. सहाला ०.८८ ने भागायचं, ६.८२ येतात. फरक एक मिलिमीटरचा. "आरशाच्या एका बाजूला दहा टाइल लावल्यास की सेंटिमीटरभर खिंडार पडेल," असं म्हणून तुम्ही स्टीलची पट्टी माझ्या हातात दिलीत.

लाटताना दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या, माती थोडी आवळली की मगच कापायचं, मागच्या बाजूला चिकटायला खाचा. हे सगळं लवकर जमलं. खरी परीक्षा सुकवण्याची. एप्रिलचं नाशिक, गच्चीवर रखरखीत ऊन, मला वाटलं तासाभरात काम होईल. तुम्ही गच्चीची वाटच अडवलीत. कडा आधी सुकतात, मधला भाग मागे राहतो, आणि टाइल पापडासारखी वळते. एकदा वळलेली टाइल दाबून सपाट केली तरी उपयोग नाही, ती भट्टीत पुन्हा वळते; माती विसरत नाही. म्हणून कापल्यावर टाइल कडेला धरून उचलायचीच नाही. फॉल्स सीलिंगवाल्याकडून जिप्सम बोर्डाचे तुकडे आणायचे, टाइल दोन बोर्डांच्या मध्ये ठेवायच्या, बोर्ड दोन्ही बाजूंनी सारखं पाणी ओढतात. वर थोडं वजन. रोज पालटायच्या.

माझा चेहरा पाहून तुम्ही मला जुन्या नाशकात कुंभारवाड्यात पाठवलंत. "तिथल्या बायका कशा सुकवतात ते नुसतं बघून ये, प्रश्न विचारत बसू नको." पाहिलं. सावलीत ओळीने ठेवलेली मडकी, वर ओलसर गोणपाट, आणि कुणालाही घाई नाही. परत आले तेव्हा तुम्ही गढीची गोष्ट काढलीत. त्याच भागात, गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, आणि थरांमागून थर खापरं निघाली. इतक्या पावसाळ्यांत ती विरघळली कशी नाहीत? कारण सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, मग ती पाण्यात घातली तरी पुन्हा चिखल होत नाही. तोपर्यंत मात्र सगळं परत फिरवता येतं. बोलता बोलता तुम्ही माझ्या वाकड्या टाइल बादलीतल्या पाण्यात टाकत होतात. मोठ्या निर्दयपणे, हेही लिहून ठेवते.

पहिल्या भाजणीच्या दिवशी टाइल हाताला अगदी कोरड्या लागत होत्या. तुम्ही म्हणालात, गालाला लावून बघ. गार लागली. म्हणजे आत पाणी आहे. भट्टी शंभर अंशांच्या खाली धरून ठेवलीत, झाकणाचं भोक उघडं. आणि मला म्हणालात, "तुझ्या पर्समधला छोटा आरसा काढ." तो चिमट्याने भोकासमोर क्षणभर धरला, तर लगेच धुरकटला. "अजून नाही." काकूंच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, मी दर थोड्या वेळाने आरसा पुसून पुन्हा धरत होते, आणि तुम्ही पेपर वाचत होतात. काच स्वच्छ राहिली तेव्हाच तुम्ही बटण फिरवलंत. आत पाणी राहून उकळलं, तर वाफ वाट मिळेल तिथून बाहेर पडते, टाइलचे तुकडे उडतात आणि शेजारच्या टाइलही घेऊन जातात. इतकी वर्षं पार्लरमध्ये आरसे पुसतेय, आरशाचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

पुढे ५७३ अंशांपाशी तुम्ही पुन्हा वेग कमी केलात. तिथे मातीतल्या क्वार्ट्झचे स्फटिक एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच आकड्याला एकदम आकसतात. जाताना आणि येताना दोन्हीकडे जपायचं. पहिली भाजणी हजार अंशांपर्यंत. बाहेर आलेली एकेक टाइल तुम्ही बोटाने वाजवून पाहिलीत. खणखणीत ती ठेवली, बद्द आवाजाची बाजूला. "गोरोबाकाकांचं काम," असं पुटपुटलात.

रंगांच्या वेळी तुमचा आवाज पहिल्यांदा चढला, तो मी झाडू उचलला म्हणून. काचलेपाच्या, म्हणजे भाजल्यावर टाइलवर काचेसारखा थर होणाऱ्या लेपाच्या, भुकटीत सिलिका असते. ती झाडली की हवेत तरंगते आणि छातीत जाऊन बसते. मास्क लावून कालवायचं, सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही म्हणजे नाही. मोरचुदाचंही तसंच. हिरवा रंग तांब्यामुळे येतो म्हटल्यावर मी म्हणाले, बागेतल्या बोर्डो मिश्रणासाठी वडिलांकडे मोरचूद पडलंय, तेही तांबंच. तांबं खरं, पण पाण्यात विरघळणारं आणि विषारी, हाताला लागणार, टाइलच्या आत झिरपणार. तुम्ही कॉपर कार्बोनेट वापरलंत. निळ्यासाठी कोबाल्ट, तोही चिमूटभर, कारण शंभरात एक भाग घातला तरी निळा गडद होतो. प्रत्येक टाइलची पाठ ओल्या स्पंजने पुसून घेतलीत, नाहीतर काच वितळून टाइल शेल्फला कायमची चिकटते.

भट्टीला डिजिटल मीटर असताना तुम्ही आत मातीचे शंकू का ठेवता, हे मी विचारलं होतं. मीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो. उष्णता आणि वेळ मिळून मातीवर काय झालं, ते शंकू वाकून दाखवतो. जर्मनीच्या झेगरने १८८६ मध्ये हे शंकू काढले, आणि तुम्ही अजून त्यांच्यावरच विसंबता.

दुसऱ्या भाजणीनंतर मला धीर निघेना. मीटरवर दोनशे, म्हटलं जरा फट करू या. तुम्ही भट्टीच्या खोलीची किल्ली खिशात घातलीत आणि भाजी आणायला निघून गेलात! गार हवा लागली तर वरची काच आणि खालची माती सारख्या वेगाने आकसत नाहीत, हे तुमच्या गैरहजेरीत काकूंनी मला सांगितलं. त्यांनाही सगळं पाठ आहे.

चौकट बसवताना तुम्ही पार्लरमध्ये स्वतः आलात. माझ्या हातातली सिलिकॉनची ट्यूब हुंगलीत आणि बाजूला ठेवलीत. व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतो, आरशाच्या मागचा चांदीचा थर खातो. न्यूट्रल आणायचा. प्लायवूडवर साधं सिमेंट नको, पार्लरमधल्या वाफेने लाकूड हलतं, लवचीक चिकटद्रव्य हवं. मग वजन मोजलंत. चार मिलिमीटर काच चौरस मीटरला दहा किलो, म्हणजे आपला आरसा पावणेतीन. टाइल दोन किलोंच्या वर, प्लायवूड तीनच्या वर. सगळं मिळून आठ किलोंच्या आसपास. सुताराने आणलेला एकच खिळा तुम्ही त्याला परत दिलात. प्लास्टरच्या पलीकडे विटेपर्यंत भोकं, त्यात प्लग, आणि दोन जाड स्क्रू.

पैशांनाही तुम्ही नाहीच म्हणालात. फक्त विजेचे घेतलेत, भिंतीवर खडूने लिहिलेल्या मीटरच्या दोन आकड्यांमधल्या फरकाचे, दहाचे सुट्टे परत करून.

ग्राहक आता आधी चौकट पाहतात आणि मग स्वतःचे केस. दोघींनी शिकवशील का म्हणून विचारलंय. मी त्यांना आधी जिप्सम बोर्ड आणि कुंभारवाडा सांगितला आहे, त्यातून टिकल्या तर पुढचं बघू. निळा लेप अर्धी बरणी उरलाय, झाकण घट्ट लावून ठेवलाय. पाऊस सुरू व्हायच्या आत तुम्ही तुमच्या कुंड्या भाजायला भट्टी लावणार असाल तर वरच्या शेल्फावर थोडी जागा ठेवा, दोन डझन टाइल तयार होत आहेत आणि त्या आज सकाळीच पालटल्या आहेत. काकूंना सांगा, केसांना मेंदी लावायला शुक्रवारी दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. त्यांचे पैसे घेणार नाही. विजेचेसुद्धा.

तुमची,
सिडकोतली पार्लरवाली