फोटोवर नाव कधी टाकायचं, कुठे टाकायचं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी मालवणातला, लग्नामुंजीचे फोटो काढणं हा धंदा आणि पहाटे रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं), रात्री दशावतार यांचे फोटो हे वेड. इथल्या चिवला किनाऱ्यावर रापण ओढतानाचा एक फोटो मी फेसबुकवर टाकलेला, कोपऱ्यात बारीक नाव होतं. दोन महिन्यांनी तोच फोटो एका होमस्टेच्या बॅनरवर दिसला, नावाची खालची पट्टी तेवढी कापलेली आणि तिच्याबरोबर ओल्या वाळूतली पावलंपण गेली, ज्यांच्यासाठी मी गुडघाभर पाण्यात तासभर उभा होतो. खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून कोपरा सोडला. आता नाव दोरीला लागून नाहीतर होडीच्या कडेला, म्हणजे कापलं तर फोटोच मोडेल अशा जागी, पुसट पांढऱ्या अक्षरात टाकतो, माणसांच्या तोंडावर कधीच नाही. मोकळ्या आभाळावर पण नको, तिथलं नाव मोबाईलमधलं ॲप बोटाने पुसून टाकतं. आणि ऑनलाइन टाकायची कॉपी १२०० पिक्सेलच्या वर ठेवत नाही, बॅनरवर ताणली की फाटते. मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातून आली तशीच न बदललेली, घरी, बिननावाची, तीच आपला पुरावा.

पण काही फोटोग्राफर लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या शालूवर आपला लोगो मारतात ते मला अजिबात पटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकाचाच असतो. निवडायला पाठवलेल्या फोटोंवर नाव ठेवा, पैसे पूर्ण आले की स्वच्छ द्या.

उलट दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव मुद्दाम काढणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे, कलम ६५ब, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

तुमच्या पेपरला मी फोटो बिननावाचाच पाठवतो, कारण छापील फोटोत वॉटरमार्क घाण दिसतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फाईलच्या आत भरलेलं नाव उडतं म्हणून डॉक्युमेंट करून पाठवतो. तेवढं "फोटो : इंटरनेट" छापणं बंद करा आणि काढणाऱ्याचं नाव फोटोखाली द्या, ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक,
मालवण