तिला अडाणी म्हणू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार चिडली होतीस. नव्या लशीला नाही म्हणणाऱ्या त्या आईला तू ‘अडाणी’ म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. बाळाला छातीशी घट्ट धरून ‘पुढे काही झालं तर?’ असं विचारणारी बाई अडाणी कशी? तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तिला पूर्ण दे.

बाळांना जोराचे जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या पहिल्या लशीचं काय झालं ते तिला सांग. अमेरिकेत १९९८ साली त्या लशीला मान्यता मिळाली. वर्ष भरायच्या आत, लस दिलेल्या काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकल्याच्या नोंदी येऊ लागल्या. प्रमाण साधारण १०,००० बाळांत एक. इतका विरळ धोका आधीच्या चाचण्यांतून पक्का कळणं कठीणच होतं, कारण त्यांत बाळंच तेवढी नव्हती. जुलै १९९९ मध्ये ती लस देणं थांबवलं, काही महिन्यांत ती बाजारातूनही गेली. पुढे आलेल्या दोन लशींच्या मोठ्या चाचण्यांत म्हणूनच प्रत्येकी ६०,००० च्या वर बाळं घेतली.

हे ऐकून ती आणखी घाबरेल, असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही. ‘शंभर टक्के सुरक्षित, डोळे मिटून घ्या’ म्हटलं की माणसं जास्त बिचकतात. असं कुठलंच औषध नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. मान्यतेनंतरही कुणीतरी नोंदी चाळत बसलेलं असतं आणि वेळ आली तर लस थांबवतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘कोविडची लस एवढ्या घाईने कशी आली?’ हेही ती विचारेल. कोविडच्या काही लशी एमआरएनएवर, म्हणजे शरीराच्या पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवर, आधारलेल्या आहेत आणि त्यावरचं काम कित्येक वर्षं आधीपासून चालू होतं. कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा त्यावरचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ चा आहे. चाचण्यांचे टप्पे या वेळी एकमेकांत गुंफून घेतले, म्हणून वेळ वाचला. या एमआरएनए लशींनंतर तरुण मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, तेही पुढे अशाच नोंदींतून कळलं. तेही लपवू नकोस.

आणि हो, ज्या आजारासाठी तू तिच्या बाळाला लस देणार आहेस, त्याने बाळाचं काय होऊ शकतं, तेही तितक्याच शांतपणे सांग. धाक म्हणून नको. दोन्ही धोके शेजारी शेजारी ठेव आणि तिला विचार करायला वेळ दे. ती तयार झाली, तर टोचल्यावर ताप आला, टोचलेली जागा सुजली तर काय करायचं आणि कशासाठी ताबडतोब यायचं, ते कागदावर लिहून दे. रात्री फोन करायचा नंबरही त्यावरच घाल.

तुझी,
आई