मामा, त्या पिशवीबद्दल

मामा, नमस्कार.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडायचे नाहीत. "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल, म्हणून तोंडावर न सांगता लिहितेय आणि सगळ्यांनाच वाचू देतेय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या तालमीच्या वरच्या खोलीत आले तेव्हा माझं गोष्टी लिहिणं सुटल्यात जमा होतं. त्याआधी भरपूर फी भरून एका कथालेखन कार्यशाळेला बसले होते. तिथले मार्गदर्शक कथा वाचत नसत, तपासत. दुसऱ्या ओळीला "हे पटत नाही", चौथ्या ओळीला "याचं प्रयोजन काय?" आधी आराखडा आणा, शेवटचा धक्का दाखवा, मग बोलू. घरी वही उघडली की तोच आवाज. पात्रानं तोंड उघडलं रे उघडलं की मीच त्याला गप्प करायची.

तुमच्या पोरांचं इम्प्रोव्ह, म्हणजे आयत्या वेळी रचत जायचं नाटक, बघायला आले ते निव्वळ भाचीच्या हट्टापायी. संहिता नाही, समोरचा देईल ते घ्यायचं आणि त्यात आपली भर घालायची. पोरं त्याला "यस, अँड" म्हणत होती आणि तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "आमच्या तमाशातल्या बतावणीत दुसरं काय असतंय?" खरंच की. सरदार एक बोलतो, सोंगाड्या ते उचलून भलतीकडंच नेतो, आणि कागदावर त्यातलं फारसं काही नसतं. शिकागोत व्हायोला स्पोलिनबाईंनी मुलांसाठी नाटकाचे खेळ रचले, त्यांच्या मुलानं इतरांबरोबर १९५९ साली तिथं 'सेकंड सिटी' हे इम्प्रोव्हचं थिएटर काढलं, हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त तुम्ही दिसलात.

कारण तुम्ही मला उभं केलंत. जागा एसटी स्टँड, एवढंच ठरलेलं. काही सुचेना. मागं कुणीतरी हसलं. तुमच्या रिकाम्या हाताकडं बघत मी कसंबसं म्हटलं, "पिशवी जड दिसतेय."

आणि मामा, तुमचा उजवा खांदा खाली आला.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. खांदा कलला, बोटांत रगात उतरल्यासारखी ती झटकलीत आणि ती नसलेली पिशवी दुसऱ्या हातात घेतलीत. जत्रांमध्ये फडावर गर्दीला हसवलेला माणूस तुम्ही. तिथं "कुठली पिशवी, बाई?" एवढं म्हणाला असता तर खोली खदखदली असती आणि मी चप्पल घालून घरी गेले असते. हातातोंडाशी आलेला हशा तुम्ही सोडलात, का तर माझं वाक्य खाली पडू नये म्हणून. अजून आठवलं की डोळे भरतात. वयाला शोभत नाही, पण भरतात.

त्याच रात्री लिहायला बसले. एक म्हातारा रंकाळा स्टँडवर उतरला, हातात पिशवी. पिशवीत एकच पायताण. का, ते मला ठाऊक नव्हतं. एरवी प्रयोजन सापडेना म्हणून खोडलं असतं. या वेळी राहू दिलं.

कीथ जॉनस्टन नावाचे या कलेतले मोठे गुरू होते. त्यांचं सांगणं असं, की गोष्ट सांगणाऱ्यानं उलट्या पावलांनी चालावं. पुढचं दिसत नाही, पण मागं काय काय टाकलंय ते दिसतं, त्यातलंच उचलून परत आणायचं. मी तेच केलं. नवं काही घडवायचं बंद करून मागची पानं चाळली, तर दुसरं पायताण तिथंच होतं, थोरल्या भावाच्या माळ्यावर. धक्का वगैरे काही नाही. पण गोष्ट मिटली.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडून घेतली ती मानाच्या पायरीची. समोरच्यापेक्षा किंचित वर राहा किंवा किंचित खाली, एवढं नटाला सांगितलं की साधा संवादही जिवंत होतो. माझ्या कथेत उसाच्या वाटणीवरून भाऊ-बहीण भांडतात. आधी दोघंही सारख्याच आवाजात ओरडायची. मग भावाला एक पायरी खाली आणलं. तो नुसतं म्हणतो, "तू म्हणशील तसं," आणि उंबऱ्यावर बसतो. बहिणीला पुढं बोलताच येईना. सोंगाड्या सरदारापुढं वाकून त्यालाच कसा कोंडीत पकडतो, ते तुम्ही पोरांना दाखवलं होतंत, हे तेच.

एक मात्र म्हणेन, पोरांना पटो न पटो. रंगमंचावर बोललेलं मागं घेता येत नाही, कागदावर येतं. त्यामुळं "हो" म्हणायचं ते पहिल्या खर्ड्यापुरतं. नंतर मी निर्दयपणे कापलंय, अकरा पानांची सात केली. कार्यशाळेतल्या त्या गृहस्थांचे प्रश्न अगदीच वाईट नव्हते म्हणा. वेळ चुकली होती, आणि सूर तर पारच.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय, मामा. मिसळीच्या दुकानात मटणाचा पांढरा रस्सा आधी की तांबडा असं विचारून हसं करून घेणाऱ्या नवख्याला "दादा, इथं मिसळीचा कट मिळतो, बसा" म्हणून जागा करून देणारी. समोरच्याची फजिती दिसत असताना ती पदरात घेणारी. बुद्धीची माणसं मला पुष्कळ भेटली. त्यातल्या बहुतेकांना आधी आपली बुद्धी दाखवायची होती.

कथा एका दिवाळी अंकाला धाडली आहे. छापतील न छापतील. तुम्हाला मात्र शनिवारी वाचून दाखवणार. सात पानं आहेत, चहा आधीच उरकून घ्या. आणि पायताणाच्या जागी काही खटकलं तर तिथल्या तिथं सांगा, पेन्सिल घेऊनच येते.

तुमची,
स्टँडवरची बाई