सुईआधीच्या एका प्रश्नासाठी

रक्त घेणाऱ्या ताईंना,

स. न. वि. वि.

टीएसएचसाठी, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीसाठी, बाही वर करून बसलेल्या माणसाला तुम्ही आधी विचारता, "केसांच्या, नखांच्या गोळ्या चालू आहेत का?" हो म्हटलं की सुई बाजूला ठेवता आणि निदान दोन दिवस गोळी बंद ठेवून परत यायला सांगता. समोरचा वैतागतो. कोड आणि काळ्या डागांच्या रुग्णांबरोबर काम करणारे आम्ही मात्र त्या प्रश्नाचे ऋणी आहोत.

त्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, गोळीत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक मशीनच्या तपासण्या बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर चालतात. रक्तातलं जादा बायोटिन तिथे जागा अडवून बसतं. मग टीएसएच खोटं कमी, फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं जास्त. माणूस ठणठणीत, रिपोर्टमध्ये ग्रेव्ह्ज, म्हणजे प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइड अति काम करण्याचा आजार. त्यात अंगावर कोड असेल तर हा रिपोर्ट सगळ्यांना चटकन पटतो, कारण कोडात स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगपेशी मारते आणि तिचा हल्ला पुष्कळदा थायरॉइडवरही होतो. खरा आजार आणि खोटा आकडा इतके सारखे दिसावेत, हे वाईटच.

याच कारणाने कोडात टीएसएचबरोबर अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) बघतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल असेल, तर सहसा लगेच थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची, गोळी लागत नाही. टीएसएच अधूनमधून बघत राहायचं. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं असलेल्या कोडाचं थायरॉइडशी नातं बरंच सैल. आणि थायरॉक्सिनने डाग भरत नाहीत, ते थायरॉइडपुरतंच.

तळहात तुमच्याइतके क्वचितच कुणी बघत असेल. पिवळट तळहात पण डोळे पांढरेशुभ्र, ही कावीळ नव्हे. थायरॉइड मंदावला की कॅरोटीनचं (गाजरासारख्या भाज्यांतल्या रंगद्रव्याचं) व्हिटॅमिन ए नीट होत नाही, ते त्वचेत साठतं. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या नव्याने काळवंडल्या असतील, सोबत थकवा आणि कमी बीपी असेल, तर अ‍ॅड्रिनल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, मंदावल्याची शंका घ्यावी. तिथे सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल (त्या ग्रंथींचं संप्रेरक) आधी, थायरॉक्सिन नंतर. क्रम उलटला तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर खर्ची पडतं आणि रुग्ण कोसळू शकतो.

एक विनंती: केसांची, नखांची शेवटची गोळी कधी घेतली, तेही फॉर्मवर लिहीत जा.

आपले,
कोड-रुग्णांचे सहकारी