रेटिनॉल सीरमच्या बॉक्सवर पुरेशा सूचना नाहीत आणि तुमच्या लोकांनी चुकीचं सांगितलं, त्याबद्दल तक्रार

कस्टमर केअर टीमला नमस्कार,

गेल्या महिन्यात मी तुमचं १% रेटिनॉलचं (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) सीरम ऑनलाइन मागवलं. बॉक्सवर एवढंच लिहिलंय की रोज रात्री ४-५ थेंब चेहऱ्याला लावा, तर मी पहिल्या रात्रीपासून रोज लावलं. पाचव्या दिवशी नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटायला लागले, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं, म्हणून तुमच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की हे पर्जिंग आहे, बंद करू नका. मी ऐकलं. पुढच्या आठवड्यात मामेबहिणीचा साखरपुडा होता म्हणून अप्परलिपला वॅक्स केलं आणि पट्टीबरोबर ओठाच्या वरची सालच निघून आली, रुपयाएवढी जागा लालभडक, ओलसर. पार्लरवाल्या ताई घाबरल्या, लगेच म्हणाल्या रेटिनॉल वगैरे लावतेस का गं? त्यांना जे माहिती आहे ते तुमच्या बॉक्सवर का नाही?

मग फोन केला तर तुमच्याच दुसऱ्या माणसाने सांगितलं की रेटिनॉलने स्किन कायमची पातळ होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पातळ होतो तो सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर, आणि खालून नव्या पेशी भराभर वर येतात म्हणून सालं निघतात, त्याच्या खालचा जिवंत थर उलट जाड होतो आणि महिनोन्‌महिने वापरलं तर अजून खाली कोलॅजनही, म्हणजे स्किन घट्ट ठेवणारं प्रोटीनही, वाढतं. पर्जिंग म्हणजे आतल्या पुळ्या एकदम वर येणं. माझी आग आणि सोलणं हे सरळ सरळ इरिटेशन होतं, तेव्हा थांबायला हवं होतं. आता आधी फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, सगळं भरून आल्यावर आठवड्यातून दोनच रात्री, मटारच्या दाण्याएवढं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर.

आणि सगळ्यात जास्त राग याचा आलाय की माझी वहिनी पाच महिन्यांची प्रेग्नंट आहे, बाटली बेसिनवर होती, तिनेही दोनदा लावलं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पण प्रेग्नन्सीत हे लावायचंच नाही. बॉक्सवर याबद्दल एक अक्षर नाहीये, मी चारही बाजू वाचल्या, आतला कागदही उलटून पाहिला.

मला सीरमचे आणि डॉक्टरांच्या फीचे पैसे परत हवेत. किती दिवसांनी लावायचं, वॅक्सच्या आधी बंद करायचं, सनस्क्रीन लागेलच, गरोदरपणात नको, हे मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीतही छापा. नवे बॉक्स येईपर्यंत निदान प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका आणि चॅटवरच्या मुलांना आग होणं आणि पर्जिंग यातला फरक शिकवा.

बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तीन फोटो जोडलेत. आठ दिवसांत लेखी उत्तर द्या, फोन नको.

तुमची ग्राहक,
नाशिक